आईच्या नाकाची राखण

आई इस्पितळातून घरी आली तेव्हा तिच्या नाकावर प्लॅस्टरचा एक छोटा पांढरा डोंगर होता, दोन्ही डोळ्यांखाली जांभळ्या पिशव्या होत्या आणि काखेत भूमितीचं पुस्तक होतं. टांग्यातून उतरताना अप्पांनी तिचा दंड धरला होता. शेजारच्या गावडेकाकी पुढे होऊन वाटेतली कुत्री हाकलत होत्या. आणि मी दारात बंड्याला पोटाशी आवळून उभी होते, कारण मला आदल्या दिवसापासून बजावून ठेवलं होतं की काहीही झालं तरी त्याला आईच्या अंगावर झेप घेऊ द्यायची नाही. बंड्या माझा धाकटा भाऊ, अडीच वर्षांचा. आठ दिवसांनी त्याला आई दिसत होती. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तो माझ्या हातात उसळत होता. मी तेरा वर्षांची होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर खरंखुरं मोठ्या माणसाचं काम सोपवलं होतं. माझी छाती धडधडत होती ती भीतीने नव्हे, आनंदाने. आईच्या डोळ्यांखाली जांभळं झालेलं असताना मला आनंद होत होता, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही.

आम्ही पार्ल्याला एका बैठ्या चाळीत राहत होतो. पाच बिऱ्हाडं, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब पडवी, कडेला विहीर. अप्पा एका कंपनीत कारकून होते. आईचं नाक लहानपणीच, विहिरीच्या रहाटाचा दांडा लागून मोडलं होतं. बाहेरून ते जरा बसकं दिसे एवढंच, पण आतलं हाड असं आडवं आलं होतं की उजव्या नाकपुडीतून वारा म्हणून जात नसे. रोज दुपार झाली की तिचं कपाळ ठणकायला लागायचं. आणि दुपार हीच तर तिची अभ्यासाची वेळ. कारण आई बाहेरून मॅट्रिकला बसणार होती. परीक्षेचं नाव तेव्हा बदलून एस. एस. सी. झालं होतं, पण आमच्या घरात ती मॅट्रिकच राहिली. सातवी पास होऊन ती लग्न करून पार्ल्याला आली होती आणि तिला शाळेत शिकवायचं होतं. दोनदा तिने फॉर्म भरला होता आणि दोन्ही वेळा डोकेदुखीपायी अर्धा अभ्यास राहून ती बसलीच नव्हती. तिसऱ्या खेपेला अप्पा तिला अंधेरीच्या एका नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, ऑपरेशन करून टाकू. पण इस्पितळात खाट मिळता मिळता इतका उशीर झाला की घरी आली त्या दिवसापासून परीक्षेला जेमतेम चार आठवडे उरले होते. आणि डॉक्टरांनी तर सांगून ठेवलं होतं, "सहा आठवडे या नाकाला फुलाचासुद्धा मार लागता कामा नये."

अप्पांनी ते वाक्य जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. खाली बाकीचं सगळं. आईने वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर मोठा आ करून तोंडाने शिंकायचं. झोपताना पाठीशी तीन उशा. मी तो कागद इतक्यांदा वाचला की शाळेत कविता म्हणताना मधेच "मोठा आ करून" असं तोंडातून निघालं आणि बाईंनी मला उभं केलं.

शिंक येऊ नये म्हणून घरात फोडणी बंद झाली. तुम्ही कधी चार आठवडे बिनफोडणीचं जेवलायत? पहिले दोन दिवस मजा वाटते. मेतकूट-भात, तूप-मीठ-भात, दूध-पोळी, साधं वरण, पुन्हा मेतकूट-भात. स्वयंपाक अप्पा आणि मी मिळून करायचो. अप्पांच्या पोळ्या जाड आणि कडेला कच्च्या, माझ्या पातळ आणि मधोमध जळलेल्या. आई आतल्या खोलीतून ओरडायची, "तवा तापलाय गं, आच कमी कर!" तिला तवा दिसत नव्हता, वासही येत नव्हता, मग कळायचं कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही. गावडेकाकी मालवणकडच्या, त्यांचे यजमान गिरणीत. त्यांच्याकडे सुके बांगडे भाजले की सगळी चाळ खोकायची. पण त्या महिनाभर काकी शेगडी उचलून पार विहिरीपलीकडे नेऊन बांगडे भाजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

चष्मा हा एक मोठाच प्रश्न होता. आईला चष्म्याशिवाय पुस्तकातलं अक्षर दिसत नसे, आणि नाकावर तर माशीही बसू द्यायची नव्हती. अप्पा एका रविवारी सकाळभर त्याच्यामागे लागले. शेवटी त्यांनी चष्म्याच्या मधल्या दांडीला दोरा बांधला, तो आईच्या भांगावरून मागे नेऊन अंबाड्याला घट्ट आवळला, आणि वरून कपाळावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. चष्मा नाकापासून बोटभर वर, अधांतरी! आईने पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "दिसतंय हो!" अप्पांनी टाळी वाजवली. आमचे अप्पा टाळी वाजवणाऱ्यांतले नव्हते.

पण खरा धोका बंड्याचा होता. त्याला आईच्या मांडीवर उभं राहून तिच्या गालाला डोकं घासायची सवय होती, आणि आनंद झाला की तो मेंढ्यासारखी धडक द्यायचा. काकींनी त्याच्या कपाळावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्येचा डोक्या न्हय गो, नारळ आसा नारळ!" आईला चिलखत घालता येत नाही, तर नारळालाच सोडणासकट ठेवावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी जुन्या गोधडीचे तुकडे घेऊन, आत बोटभर जाडीचा कापूस भरून बंड्यासाठी एक टोपडं शिवलं. हनुवटीखाली दोन बंद. ते घातलं की तो फुगलेल्या कोबीसारखा दिसायचा. टोपडं असेल तरच आईजवळ जायचं, आणि ते बांधायचं काम माझं. रोज सकाळी मी दोन्ही बंदांना दुहेरी गाठ मारायची आणि शाळेतून आल्याबरोबर आधी गाठ तपासायची. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं की आमच्या घरी आईचं नाक राखायचं काम माझ्याकडे आहे. त्या हसल्या. पण हेवा वाटला त्यांना, मला ठाऊक आहे.

दहाव्या दिवशी प्लॅस्टर निघालं. आई आणि अप्पा अंधेरीहून परत आले, मी रेल्वेच्या फाटकापर्यंत सामोरी गेले. आईचं नाक सुजलेलं होतं, पण सरळ! इतकं सरळ की मला ती क्षणभर दुसरीच कुणी वाटली. चालता चालता ती एकदम थांबली. रस्त्याच्या मधोमध. "हा कसला वास गं?" मी म्हटलं, "बिस्किटांचा. कारखान्याचा." तो वास आम्हाला इतका रोजचा होता की येतो हेही कळत नसे. आई डोळे मिटून उभी राहिली. "रोज येतो?" तिने विचारलं. "रोज," मी म्हटलं. "आणि तुम्ही मला कुणी सांगितलं नाहीत!" ती हसायला लागली, आणि अप्पा घाबरून म्हणाले, "अगं, हसू नकोस जोरात, टाके आहेत." त्या दिवसापासून तिची दुपारची डोकेदुखी गेली ती गेलीच. जेवणं झाली की ती भिंतीला टेकून बसायची, चष्मा अधांतरी, आणि माझ्याकडून इतिहासातली नावं म्हणवून घ्यायची. बीजगणितात तर ती माझ्या पुढे निघून गेली. अभ्यास पुरा होणार, यंदा नक्की होणार, असं घरात सगळ्यांना वाटू लागलं. हवाच बदलली होती.

आणि मग तो रविवार. मंगळवारी इंग्रजीचा पहिला पेपर होता. दुपारी अप्पा पडवीत आडवे झाले होते, आई आत निबंध लिहीत होती. मी आणि माझी मैत्रीण लीला पडवीच्या टोकाला सागरगोटे खेळत होतो. मी जिंकत होते. बंड्या माझ्या शेजारी बसून किरकिर करत होता, उकाड्याने त्याचा चेहरा लाल झाला होता, टोपड्याखालून घाम निथळत होता. मला त्याची दया आली असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं असं की त्याच्या रडण्याने माझा झेल चुकत होता. मी एका हाताने बंद सोडले, टोपडं काढून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "घे, गप बस आता." तो गप्प झाला. मी पुढचा डाव टाकला. पाच सागरगोटे हवेत होते, तेवढ्यात तो उठून आत धावला.

आईची पेन्सिल खाली पडली होती आणि ती उचलायला ती वाकली होती. बंड्याला वाटलं, आई आपल्यालाच घ्यायला वाकली. तो आनंदाने उसळला. टक्क असा आवाज झाला, तो मला पडवीच्या टोकाला ऐकू आला. मी आत पोचले तेव्हा आई भिंतीला धरून उभी होती, दोन्ही हात नाकावर, आणि बोटांमधून रक्त निबंधाच्या वहीवर ठिबकत होतं. बंड्या खाली बसून भोकाड पसरत होता, त्याला काहीही झालं नव्हतं. अप्पा उठून आले. त्यांनी आईकडे पाहिलं, बंड्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एक काम दिलं होतं तुला," ते म्हणाले. एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकींनी बंड्याला उचललं आणि माझ्या हातात ओला पंचा कोंबला. "रडतंस काय? टांगो बोलाव आधी!" मी अनवाणी स्टेशनपर्यंत धावले. तापलेल्या रस्त्याने तळवे पोळत होते आणि मला ते हवंसं वाटत होतं. टांग्यात आईने माझा हात सोडला नाही, म्हणून मलाही अंधेरीला जावं लागलं. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत होते. जेवणावरून उठून खाली आले. एरवी हसतमुख माणूस, त्या दिवशी हसले नाहीत. त्यांनी रक्त थांबवलं, आरशाने आत पाहिलं, मग दोन बोटांनी नाक इतकं अलगद चाचपलं की जणू त्यात चिमणी होती.

"आतला रस्ता शाबूत आहे," ते म्हणाले. "पण बाहेरचं हाड डावीकडे सरकलंय. उद्या सकाळी दाखल व्हा. भूल देऊन जागेवर बसवतो. आठवडाभर राहावं लागेल."

"उद्या?" आई म्हणाली. कापसाच्या बोळ्यांमुळे तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "परवा माझा इंग्रजीचा पेपर आहे."

"परीक्षा किती दिवस चालणार?"

"दहा."

डॉक्टरांनी मान हलवली. "दहा दिवसांत हाड धरेल. मग ते सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागेल, आणि तसं मी तरी सुचवणार नाही. करायचं तर आत्ताच."

अप्पा खाली बघत म्हणाले, "परीक्षा काय, पुढच्या वर्षी पण देता येईल."

आई डॉक्टरांकडे वळली. "श्वास आत्ता चालतोय तसाच चालेल?"

"चालेल."

"डोकं दुखेल पुन्हा?"

"दुखायचं काही कारण नाही."

"मग वाकडं राहिलं तर बिघडतं काय?"

"अहो वहिनी, चेहऱ्याच्या मधोमध असतं ते," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर आरशात दिसेल. लोक विचारतील."

"विचारू देत." आईने पदराने हनुवटीवरचं रक्त पुसलं. "अहो," ती अप्पांना म्हणाली, "पुढचं वर्ष दोनदा येऊन गेलं. नाक वाकडं राहिलं तरी चालेल. वर्ष वाकडं जायला नको."

मी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यानंतर मी पुष्कळ शहाणी, शिकलेली, अधिकाराच्या जागेवरची माणसं निर्णय घेताना पाहिली. इतक्या थोड्या शब्दांत आणि नाकात कापूस असताना घेतलेला निर्णय दुसरा पाहिला नाही.

परत येताना टांग्यात मी हुंदके देत होते. आई म्हणाली, "सुमे, रडायचं ते परीक्षेनंतर. आता मला स्पेलिंगं विचार." मी रडत रडत स्पेलिंगं विचारली आणि ती एकेक अक्षर नाकातून म्हणत गेली. टांगेवाला सारखा मागे वळून बघत होता. घर यायच्या आत एकूण एक शब्द झाले, एकच चुकला, आणि तो मी चुकीचा उच्चारला होता.

मंगळवारी सकाळी जी मिरवणूक निघाली ती आठवली की मला अजून हुरूप येतो. परीक्षेची शाळा फाटकाच्या पलीकडे होती. पुढे गावडेकाकी, नऊवारीचा काष्टा आवळलेला, हातात नवऱ्याची काळी छत्री. उजवीकडे अप्पा, त्यांनी दोन तासांची रजा काढली होती. डावीकडे मी, आणि मधे आई, नाक निळंकाळं, चष्मा दोऱ्याला टांगलेला, ओठांवर इंग्रजी वाक्यं. बंड्याला लीलाच्या घरी ठेवलं होतं. मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. एकाने चेंडू जोरात हाणला आणि तो सरळ आमच्याकडे यायला लागला. मी किंचाळले. काकींनी फट्कन छत्री उघडून आईसमोर धरली आणि चेंडू छत्रीवर ठप्पकन आपटून खाली पडला. "कोण रे तो?" काकी गरजल्या. "आज वैनीची परीक्षा आसा! एक चेंडू जरी हय इलो तर तुमका सगळ्यांका विहिरीत बुडवतलंय!" मुलं इतकी दचकली की त्यांनी खेळ थांबवला. आणि मग, कोण जाणे का, त्यांतला एक मोठा मुलगा धावत आला, फाटकापाशी जमलेल्या गर्दीत शिरला आणि "बाजूला व्हा, बाजूला व्हा, परीक्षेच्या बाई आहेत," असं ओरडत आम्हाला वाट करून देऊ लागला. परीक्षेच्या बाई! लोकांना वाटलं, पेपर तपासणाऱ्या आहेत. नमस्कार करत होते.

वर्गात सगळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली. आईला पाहून खुसखुस सुरू झाली. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या, नाकाकडे आणि दोऱ्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "हे काय झालं हो?" आई म्हणाली, "मुलगा आहे अडीच वर्षांचा." बाई खळखळून हसल्या, म्हणाल्या, "माझेही दोन आहेत," आणि त्यांनी आईला खिडकीजवळच्या, वारा येणाऱ्या बाकावर बसवलं. हे तिने आम्हाला नंतर सांगितलं. अप्पा तिथूनच कामावर गेले, मी आणि काकी बाहेर झाडाखाली तीन तास बसून होतो. खिडकीतून आईचा फक्त अंबाडा दिसत होता. तो खाली वाकलेला असला की काकी म्हणायच्या, "लिवता." तो वर झाला की आम्ही दोघी श्वास धरायचो. घंटा झाली आणि आई बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई लागली होती आणि ती पळत होती! डॉक्टरांनी मना केलं होतं पळायला. "सगळे प्रश्न सोडवले!" ती लांबूनच ओरडली. "एकूण एक!"

असे दहा दिवस. मधे रंगपंचमी आली, तेव्हा गल्लीच्या दोन्ही तोंडांना काकींनी आपल्या यजमानांना आणि त्यांच्या गिरणीतल्या मित्राला उभं केलं. आईवर रंगाचा एक थेंब पडला नाही. भूमितीच्या पेपराला तिला शिंक आली, आणि तिने भर वर्गात मोठा आ करून ती तोंडाने काढली. सगळा वर्ग हसला, आईही हसली आणि पुढचं प्रमेय लिहायला लागली.

हाड डॉक्टर म्हणाले तसंच धरलं. नाक डावीकडे झुकलेलं राहिलं. पहिले काही महिने मी तिच्या चेहऱ्याकडे सरळ बघत नसे. ते तिच्या लक्षात आलं. एकदा तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "बघ. नीट बघ. काय दिसतं?" मी म्हटलं, "वाकडं." "आणि काय?" मी डोळे खाली वळवले. "आई दिसते ना?" ती म्हणाली. "मग झालं तर." मी तिच्या कुशीत तोंड घालून खूप रडले. परीक्षेनंतर रडायची परवानगी होतीच.

निकाल लागला त्या दिवशी पावसाने उघडीप दिलेली होती. तेव्हा वर्तमानपत्रात पास झालेल्यांचे नंबर छापून येत, मुंगीएवढ्या आकड्यांचे रकानेच्या रकाने. अप्पा सकाळी दूध आणायला म्हणून गेले ते दूध न घेताच वर्तमानपत्र फडकवत पळत आले. पडवीत पान पसरलं. अप्पांना रकानाच सापडेना. काकींना वाचता येत नव्हतं, पण त्याही वाकून बघत होत्या. आई लांब, विहिरीपाशी धुणं धूत उभी होती आणि मुद्दामच इकडे बघत नव्हती. मी अप्पांचा हात बाजूला सारला आणि वरून खाली, वरून खाली असं वाचत गेले. आणि एकदम तो नंबर समोर आला. मला आजही तो पाठ आहे.

"आई!" मी ओरडले.

ती हातातला पिळा तसाच घेऊन आली, पाणी सगळं पडवीत ठिबकत होतं. "वाच," ती म्हणाली. मी वाचला. "पुन्हा वाच." पुन्हा वाचला. "आता सुटा सुटा आकडा वाच." मी एकेक आकडा म्हटला आणि ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती. अप्पा डोळे पुसत होते आणि धूळ गेल्याचं सांगत होते. काकींनी बंड्याला उचलून गरगर फिरवलं. चाळीतली सगळी बिऱ्हाडं पडवीत आली, कुणी साखर आणली, कुणी हळदीकुंकवाचं तबक.

मग जेवायची वेळ झाली. सवयीने मी आईकडे पाहिलं. ती नळाखाली हात धुऊन आली, पाट मांडला, आणि सगळ्यात आधी त्यावर स्वतः बसली. आमच्या घरी बायका नेहमी शेवटी जेवत, उरलंसुरलं. तिने पदर नीट केला, पाठ ताठ केली, आणि अप्पांकडे आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी मॅट्रिक पास झालेय. आज कुणीतरी मला वाढा."